एका खोलीतले एपिसोड

माझ्या सासूबाईंचा पाय मोडला तो दारासमोरच्या एका पायरीमुळे. सकाळी त्या कोलम काढत होत्या, म्हणजे आपली ठिपक्यांची रांगोळी. शेवटची रेघ जोडून झाली आणि सगळं नीट जमलंय का ते बघायला त्या एक पाऊल मागे सरल्या. मागे पायरी होती. समोरच्या घरातल्या बाई धावत आल्या, तर सासूबाई खाली बसल्या बसल्या त्यांना विचारत होत्या, "आधी हे बघा, उजवीकडची ओळ वाकडी गेलीय का?"

ओळ सरळ होती. घोट्याचं हाड मात्र मोडलं होतं. डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे पाय टेकायचा नाही असं बजावलं.

आम्ही तंजावरातच, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. सासूबाई मेलवीथी या रस्त्याजवळच्या त्यांच्या लहानशा घरात एकट्या राहतात. एक पुढची खोली, एक मागची, स्वयंपाकघर, आणि मागे कपडे धुण्यापुरती फरशी, तिला उंच भिंत. त्यांनी आमच्याकडे यायला साफ नकार दिला. मग माझ्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याची सरकारी नोकरी फिरतीची; माझं काम लॅपटॉपवरचं, कुठेही बसून करण्यासारखं. मी कपड्यांची एक पिशवी भरली आणि निघाले. खरं सांगायचं तर फारशा आनंदाने नाही.

त्याचं कारण बावीस वर्षांपूर्वीचं आहे. मी साताऱ्याकडची. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला वाटलं होतं, घर मराठी आहे, अडचण कसली? या लोकांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात इकडे आले ते इथलेच झाले. त्यांची मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेल असलेली, आणि मधूनमधून आपल्याकडे कुणी कधी न ऐकलेल्या शब्दांची. पहिल्याच आठवड्यात, घरात पाहुणे बसलेले असताना, सासूबाई माझ्या पानाकडे बघून म्हणाल्या, "अस्कं जेव." अस्कं म्हणजे सगळं. मला ते ठाऊक नव्हतं. मला तो शब्द, तो हेल, इतका गमतीचा वाटला की मी हसले. चांगली खळखळून हसले. पाहुणेही हसले.

सासूबाई हसल्या नाहीत. त्या दिवसापासून त्या माझ्याशी तमिळमध्ये बोलू लागल्या. रागाने नाही, अगदी नम्रपणे. सावकाश, शुद्ध, शाळेतल्या तमिळमध्ये. त्या अठ्ठावीस वर्षं शाळेत गणित शिकवत होत्या. मुलाशी मराठी, नातीशी मराठी, माझ्याशी तमिळ. सुरुवातीला मला वाटलं, सून लवकर शिकावी म्हणून करत असतील. खरं कारण कळेपर्यंत माफी मागायची वेळ निघून गेली होती. माझं तमिळ मात्र त्यामुळे उत्तम झालं, इतकं की पुढे त्यावर मला काम मिळालं.

ते काम म्हणजे तमिळ विनोदी मालिकांना मराठी सबटायटल लिहिणं. मोबाईलवर मालिका बघणारे लोक खाली ज्या ओळी वाचतात, त्या कुणीतरी लिहिलेल्या असतात. तमिळ मालिकांच्या मराठी ओळींपैकी काही माझ्या. चेन्नईहून एक मुलगी एपिसोड पाठवते आणि मी ते मराठीत करून परत पाठवते. एका ओळीत किती अक्षरं मावतील याचा नियम असतो. पात्र बोलायचं थांबलं की ओळ गेली पाहिजे. विनोद तेवढ्यात बसवायचा.

त्या सहा आठवड्यांत माझ्याकडे एका शिंप्याच्या दुकानावरची मालिका होती. लहान गाव, दुकानदार, त्याची बायको, तिचा कमी ऐकू येणारा बाप, एक कारागीर. मी सासूबाईंच्या दिवाणाशेजारी स्टूल घेऊन त्यावर लॅपटॉप ठेवायचे. हेडफोन लावले की त्यांनी पाणी मागितलेलं ऐकू यायचं नाही, म्हणून आवाज मोकळा ठेवावा लागे. त्यामुळे त्याही बघू लागल्या.

पहिले तीन एपिसोड त्यांना आवडले नाहीत. स्कूटरवरून पाठलाग होता, बाजार होता, देवळातली गर्दी होती. "किती धावतात," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "कशाला धावतात तेही विसरून जातात." मला मात्र तसे एपिसोड प्रिय होते. लोक धावत असले की बोलत नाहीत, आणि बोलत नाहीत तेव्हा मला लिहावं लागत नाही.

चौथा एपिसोड मात्र वेगळाच निघाला. पूर्ण वेळ एकच जागा होती, डॉक्टरच्या दवाखान्यातली बाहेरची खोली. चार बाकं, एक पंखा, भिंतीवर बाळाचं चित्र. सगळं कुटुंब आणि गावातले दोघं-तिघं रांगेत बसलेले, आणि डॉक्टर येतच नाही. अशा एपिसोडमध्ये माणसं श्वास घ्यायलाही थांबत नाहीत. नेहमीच्या दुप्पट ओळी. मी चेन्नईच्या मुलीला फोन केला, तर ती हसून म्हणाली, "अहो, प्रत्येक मालिकेत असा एखादा असतोच. नवीन सेट नको, बाहेरचं शूटिंग नको. हात आखडता असला की सगळ्यांना एका खोलीत कोंडतात. आणि बघा, लोकांना नेमका तोच आवडतो."

मी फोन ठेवून वळले तर सासूबाई उशीवर कोपर टेकून पडद्याकडे बघत होत्या. चेहरा खुललेला. दुकानदाराची बायको एका बाकावर, आणि जिच्याशी तिचं भांडण होतं ती शेजारीण बरोबर समोरच्या बाकावर. दोघींनाही उठून जाता येत नव्हतं, कारण उठलं की नंबर जाणार.

"आता बघ," सासूबाई म्हणाल्या. "आता बोलतील."

बोलल्याच. आणि मग त्या एपिसोडने सासूबाईंना असं काही धरलं की मी ओळ लिहायला तो थांबवला की त्या चिडायच्या. मी विचारलं, यात एवढं काय आवडलं? त्यांनी वर्गात उत्तर द्यावं तसं सांगितलं. "इथे बाहेरून नवीन काही येत नाही. गणितात कसं, दिलेलं तेवढंच दिलेलं. उत्तर त्यातूनच काढायचं. धावणारे एपिसोड म्हणजे गणित अडलं की एक नवा आकडा आणून टाकायचा. ही चलाखी झाली." मग प्लास्टरकडे बोट दाखवून म्हणाल्या, "शिवाय कोण कुठे बसलंय ते मला समजतं. मीही बसलेलीच आहे."

त्याच एपिसोडमध्ये एक जागा अडली. तमिळमध्ये 'काल्' म्हणजे पाय, आणि 'काल्' म्हणजे पाव हिस्साही. कंपाउंडर त्या कमी ऐकू येणाऱ्या म्हातारबुवांना सांगतो, काल् गोळी घ्या, म्हणजे पाव गोळी. आणि म्हातारबुवा समजतात, पायाची गोळी, आणि भांडू लागतात की माझं तर पोट दुखतंय. तमिळमध्ये सगळा दवाखाना हसतो. मराठीत काय करायचं? मी तीन-चार ओळी लिहिल्या, खोडल्या, मोठ्याने वाचून बघितल्या. सासूबाईंना देवनागरी वाचता येत नाही, इथल्या बहुतेकांना येत नाही. पण कान माझ्याकडेच होता.

"पाव गोळी घ्या," मी पुटपुटत होते, "पाव गोळी..."

"पाय," त्या म्हणाल्या. "पाव अन् पाय. म्हाताऱ्याला कोठें नीट ऐकू येतं? पाव म्हटलं तर पाय ऐकील."

मी पटकन ओळ लिहिली. 'पाव गोळी घ्या.' 'पायाला काही झालं नाहीये!' मोजून अक्षरं बसली. मी आनंदाने वर बघितलं, आणि मग एकदम लक्षात आलं. त्या मराठीत बोलल्या होत्या. माझ्याशी. बावीस वर्षांनी. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी घाईघाईने पाणी मागितलं. तमिळमध्ये.

पण एकदा सुरू झालं ते बंद झालं नाही. मी ओळी मोठ्याने वाचायचे, त्या दुरुस्त करायच्या. "असं कुणी बोलतं का?" म्हणायच्या. कधी असा जुना शब्द काढायच्या की मी वहीत उतरवून घ्यायचे. पाचव्या दिवशी मी धीर करून म्हणाले, "आई, त्या वेळी मी हसले ते..." त्या लॅपटॉपकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तुझी ओळ राहिली बघ, माणूस बोलून गेला." माफी एवढ्यावरच आटोपली. मला पुरली.

त्यांचं बोलणं इथे लिहिताना मी थोडं आपल्या वळणावर आणते आहे, नाहीतर दर ओळीला अर्थ सांगावा लागेल.

तिसऱ्या आठवड्यात मावशी आल्या.

मावशी म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण. पापनाशमला असतात, बसने जेमतेम तासाभराचं अंतर. पण दोघी नऊ वर्षं बोलत नव्हत्या. कारण एक लग्न. मायावरमला चुलत घराण्यात लग्न होतं, तंजावरहून व्हॅन केली होती, पापनाशमला मावशींना आणि आणखी काहीजणांना घ्यायचं होतं. मी तेव्हा मुलीच्या परीक्षेमुळे गेले नव्हते. सगळ्यांची मोजदाद सासूबाईंकडे होती, कारण असली कामं नेहमी त्यांच्याकडेच असतात. व्हॅन पापनाशमला थांबली, निघाली, आणि कुंभकोणमला पोचल्यावर कळलं की मावशी गाडीत नाहीतच. त्यांची बॅग होती, बॅगेत फोन होता, मावशी नव्हत्या. मागे वळावं तर मुहूर्त चुकणार. "माझी बॅग लग्नाला गेली, मी राहिले," असं मावशी त्यानंतर जो भेटेल त्याला सांगत. आणि पुढे जोडत, "माझ्या अक्काने मोजून मला सोडलं." सासूबाईंनी यावर कधी एक शब्द उच्चारला नाही.

पाय मोडल्याचं माझ्या नवऱ्याने मावशींना परस्पर कळवलं होतं. सकाळी दहाच्या सुमाराला त्या दारात उभ्या. हातात केळ्यांची फणी आणि मुरुक्कूचा, म्हणजे इकडच्या चकल्यांचा, डबा. कामवाली बाई तेव्हा निघतच होती. तिने त्यांना आत घेतलं आणि गेली.

मावशी खुर्चीवर बसल्या. सासूबाई दिवाणावर. मधे मी.

"विचार तुझ्या सासूला, दुखतं का," मावशी मला म्हणाल्या.

"सांग तिला, सकाळी दुखतं," सासूबाई मला म्हणाल्या.

"पथ्य काय सांगितलंय विचार."

"सांग, काही नाही."

मी एकीकडून दुसरीकडे मान वळवत होते. तीन फुटांवर बसलेल्या दोघी, आणि मला सबटायटल लिहायला बसवलेलं. दहा मिनिटांत विषय संपले. मावशी उठल्या, म्हणाल्या, "मला साडेदहाची बस मिळेल." दाराशी गेल्या, ओढलं. दार हललं नाही.

कामवाल्या बाईने सवयीने बाहेरून कडी घातली होती. मी येण्याआधीचे दोन दिवस सासूबाई एकट्या होत्या, तेव्हा कुत्री-मांजरं आत शिरू नयेत म्हणून ती जाताना कडी घालायची. हाताची ती सवय अजून पुरती सुटली नव्हती. मी तिला फोन लावला, बंद होता. नवऱ्याला लावला. तो ओरत्तनाडूला कामावर होता. "मी दुपारपर्यंत येतो," तो म्हणाला, "नाहीतर खिडकीतून समोरच्या बाईंना हाक मार, त्या काढतील कडी."

ते मला का सुचलं नव्हतं कोण जाणे. खिडकी रस्त्यावरच आहे, लोखंडी गजांची. मी तिथे उभी राहिले. समोरच्या घराला कुलूप होतं. बाई देवळात गेल्या असणार. मावशी पुन्हा खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पंखा फिरत होता. मी कॉफी केली. दोघींनी दोन वेगवेगळ्या भिंतींकडे बघत कॉफी घेतली. मी पुन्हा खिडकीशी गेले, आणि गल्लीच्या तोंडाशी समोरच्या बाई दिसल्या. हातात पूजेची पिशवी, रमत गमत येत होत्या. मी हात वर केला. त्यांनी बघितलं, रस्ता ओलांडून खिडकीपाशी आल्या. "काय हवंय?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मागून मावशींचा आवाज आला. हलका, पण माझ्याशी नव्हे.

"तू मोजलंस ना, अक्का? तुझं मोजणं कधी चुकतं?"

खोलीत नऊ वर्षांनी पहिलं वाक्य इकडून तिकडे गेलं होतं. मला त्या क्षणी काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. एवढं कळलं की दार उघडलं तर मावशी उठतील, साडेअकराची बस पकडतील आणि हे वाक्य असंच अर्धवट पडून राहील. तीन आठवडे मी तेच बघत होते, लिहीत होते. बंद खोलीतल्या गोष्टीत दार उघडू शकणारं कुणीतरी नेहमी असतं. लिहिणारा फक्त त्याला थोडा वेळ लांब ठेवतो.

"काही नाही," मी समोरच्या बाईंना म्हणाले. "सहज उभी आहे. वारा छान आहे."

वारा मुळीच नव्हता. त्यांनी माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिलं आणि त्या घरी गेल्या. मी खिडकीतच उभी राहिले, पाठ खोलीकडे करून.

"एकोणीस होते," सासूबाई म्हणाल्या.

"एकोणीस माझ्यासकट व्हायचे. मी नव्हते."

"मी दोनदा मोजले. एकोणीसच भरले."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"नाही." सासूबाई म्हणाल्या, "एकोणिसावा दुसराच होता."

मी वळल्याशिवाय राहू शकले नाही. सासूबाई प्लास्टरकडे बघत बोलत होत्या. पापनाशमच्या थांब्यावर, लोक चढत-उतरत असताना, एक अनोळखी म्हातारे गृहस्थ व्हॅनमध्ये येऊन मागे बसले होते. स्वच्छ वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, खांद्यावर उपरणं. तंजावरच्या मंडळींना वाटलं पापनाशमचे कुणी आहेत, पापनाशमच्यांना वाटलं तंजावरचे. कुणीतरी त्यांना डब्यातली इडली दिली. त्यांनी खाल्ली, वर दोनदा चटणी मागितली. कुंभकोणम आलं तेव्हा ते पुढे आले आणि दारापाशी बसलेल्या सासूबाईंना त्यांनी नम्रपणे विचारलं, "तिकीट कुणी दिलंच नाही, तिकीट कुठे घ्यायचं?" त्यांना ती बस वाटली होती.

"मी त्यांना उतरवलं," सासूबाई म्हणाल्या. "आणि मग मागे बघितलं, तुझी बॅग दिसली."

"आणि कुणाला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? आयुष्यभर मुलांना मोजायला शिकवलं, आणि बहीण म्हणून एक म्हातारा मोजला? व्हॅनमधले लोक अजून हसत बसले असते. तू रागावशील, दोन महिन्यांनी विसरशील, असं वाटलं."

मला भीती वाटली की आता मावशी रडतील, किंवा दारावर मुठी मारतील. त्यांनी पर्स खाली ठेवली.

"त्यांना मिशा होत्या?"

"होत्या. पांढऱ्या."

"आणि तू त्यांना मी समजलीस."

सासूबाईंचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं त्यांना दुखतंय. त्या हसत होत्या, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि प्लास्टरचा पाय उशीवर ठक ठक आपटत होता. मावशींनी थोडा वेळ गंभीर राहायचा प्रयत्न केला. मग त्यांचंही सुटलं. मीही खिडकीचा गज धरून हसत होते.

हसणं ओसरल्यावर मावशींनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आता माझंही ऐक. हॉर्न तीनदा वाजला. मी ऐकला होता."

ही गोष्ट मग त्यांनी सांगितली. त्या व्हॅनपाशी आल्या, बॅग आत ठेवली, आणि खिडकीत अक्का दिसली. पोपटी साडीत. मावशींच्या अंगावरही तशीच साडी. दोघींनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेली. लहानपणापासून दोघींना एकाच ताग्यातलं कापड मिळायचं, आणि लोक मावशींना अक्काची सावली म्हणून हाक मारायचे. साठी उलटल्यावर, भर लग्नात, पुन्हा सावली व्हायचं नव्हतं त्यांना. म्हणून त्या कुणाला न सांगता घरी पळाल्या, साडी बदलायला. घर दोन गल्ल्या आत. निऱ्या मनासारख्या बसेनात. हॉर्न वाजला, त्यांना वाटलं अक्का मोजतेय, माझ्याशिवाय कशी निघेल? तिसरा हॉर्न वाजला तरी त्या पिन लावत होत्या.

"मग नऊ वर्षं मला का शिव्या दिल्यास?" सासूबाईंनी विचारलं.

"साडीचं कारण सांगायची लाज वाटली. आणि एकदा तू सोडून गेलीस असं सांगितलं की लोकांना फार वाईट वाटायचं. घरी बोलवायचे, कॉफी द्यायचे."

यावर सासूबाईंनी त्यांच्यासाठी एक खास शब्द वापरला, जो मी वहीत उतरवला आहे पण इथे लिहिणार नाही.

नवरा दीडच्या सुमाराला आला. दार उघडताना तो घाबराघुबरा होता. वाटेत त्याने मनात काय काय रंगवलं असेल. आत बघतो तर मावशी दिवाणाच्या पायथ्याशी मांडी घालून बसलेल्या, दोघी एकाच पातेल्यातला दहीभात वाट्यांत घेऊन खात होत्या, आणि त्या गृहस्थांनी कुंभकोणमला उतरून पुढे काय केलं असेल यावर वाद घालत होत्या. "दार उघडलं," तो म्हणाला. मावशी म्हणाल्या, "बरं झालं, आता पान आणून दे दोघींना."

त्या दिवशीची बस त्यांनी घेतली नाही, दुसऱ्या दिवशीचीही नाही. मुलाकडून कपडे मागवले आणि प्लास्टर निघाल्यावरही काही दिवस राहिल्या. खरं सांगायचं तर ते दिवस माझ्यासाठी सोपे नव्हते. पंखा असलेली खोली एकच, बायका तीन. मावशी घोरतात. सासूबाईंना पंखा दोनवर लागतो, मावशींना चारवर. शिंप्याच्या मालिकेत आणखी एक बंद खोलीचा एपिसोड निघाला. दिवाळीच्या आदल्या दिवशीची दुपार, दुकानात वीज गेलेली, चार बायका ब्लाऊजसाठी अडून बसलेल्या. त्यावर दोघी बहिणी इतक्या बोलल्या की मूळ पात्रांचं मला ऐकू येईना. मावशी शिवण जाणतात. शिंप्याच्या तोंडी मी 'बाही' शब्द घातला तिथे त्या अडल्या, म्हणाल्या, ही बाही नव्हे, हा बाहीचा घेर, आणि तुझं हे वाक्य कुठला शिंपी बोलणार नाही. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. चेन्नईच्या मुलीने उलट टपाली विचारलं, "या वेळी ओळी वेगळ्याच झाल्यात, कुणाची मदत घेतली का?" मी लिहिलं, घरच्यांची.

आठवड्याभरात माझी चोरी पकडली गेली. समोरच्या बाई अवियलची, म्हणजे नारळ घातलेल्या मिश्र भाजीची, वाटी घेऊन आल्या आणि सासूबाईंना सहज म्हणाल्या, "तुमची सून त्या दिवशी खिडकीत उभी होती, मला वाटलं काही हवंय, तर म्हणाली वारा छान आहे." बाई गेल्यावर सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी वाटी उचलून स्वयंपाकघराकडे निघाले.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"अकराच्या आधी," मी म्हणाले. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

"म्हणजे अडीच तास." त्यांनी मनातल्या मनात आणखी काही हिशोब केला असावा. मग मावशींकडे वळून म्हणाल्या, "ही दिसते तेवढी भोळी नाही." मावशींनी त्यावर मला एक केळं दिलं.

प्लास्टर निघालं त्या दिवशी पाय पांढराफटक आणि बारीक दिसत होता. सासूबाईंना तो आपला वाटेना. डॉक्टरांनी व्यायाम लिहून दिले, मावशींनी ते मोजून करून घ्यायचं ठरवलं, आणि मोजण्यावरून दोघींची पुन्हा जुंपली. दहा दिवसांनी सासूबाई काठी टेकत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊ लागल्या. मग मावशींनी घरी जायचं काढलं, आणि सासूबाई म्हणाल्या, मीही येते चार दिवस, तुझ्याकडे कालव्याच्या बाजूला सकाळी बरं वाटतं.

मी दोघींना सोडायला बसस्टँडवर गेले. बस अर्धी रिकामी होती तरी खिडकीवरून दोघींची घासाघीस झाली. सासूबाई म्हणाल्या, पाय पसरायला मधल्या वाटेकडची बाजू हवी. मावशी म्हणाल्या, मग माझ्या अंगावरून खिडकीतून डोकावू नकोस. कंडक्टरने दोघींची पिशवी वर ठेवली. बस निघताना सासूबाईंनी मला हाताने खूण केली, म्हणजे काहीतरी सांगायचं होतं, पण इंजिनचा आवाज एवढा की काही ऐकू आलं नाही. मी मान हलवली. मग परत येताना मंडईतून अळूची पानं आणि कच्ची केळी घेतली, सासूबाईंच्या घरी जाऊन पुढची खोली झाडली, स्टूल भिंतीला लावलं आणि माझी पिशवी भरायला घेतली.